सायक्लोडेक्स्ट्रिन व तैलरेणू यांच्या समावेशन-संकुलांतून घडणारी पृष्ठसक्रिय द्रव्ये : एक विवेचन

गोषवारा

साबण व प्रक्षालके यांच्या अध्यापनात पृष्ठसक्रियता हा एखाद्या विशिष्ट रेणूचा अंगभूत गुण मानला जातो. सायक्लोडेक्स्ट्रिन ही वलयाकृती शर्करा आणि तेल हे दोन्ही पदार्थ स्वतंत्रपणे पाहता पृष्ठसक्रिय नाहीत. तथापि पाणी व तेल यांच्या सीमेवर ते एकत्र आले, की त्यांचे संकुल पृष्ठसक्रिय द्रव्याचे कार्य करू लागते. याउलट, मुळातच पृष्ठसक्रिय असलेल्या द्रव्यात हीच शर्करा मिसळली, तर त्याची पृष्ठसक्रियता घटते. प्रस्तुत लेखात या वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन घटनांची एकाच तत्त्वाच्या आधारे मांडणी केली असून, पायसाच्या स्थैर्यामागील यंत्रणा, उपयोजने, मर्यादा आणि महाविद्यालयीन अध्यापनातील या विषयाचे स्थान यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सायक्लोडेक्स्ट्रिन, समावेशन-संकुल, पृष्ठसक्रिय द्रव्य, पायस, आंतरपृष्ठ, यजमान-अतिथी रसायन

१. प्रस्तावना

तेल आणि पाणी एकत्र ढवळले असता काही क्षण दुधट मिश्रण दिसते आणि ढवळणे थांबताच दोन्ही थर वेगळे होतात. तेलाचे बारीक थेंब पाण्यात टिकवून धरावयाचे असतील, तर दोघांशीही सख्य असणारा तिसरा पदार्थ लागतो. साबण, प्रक्षालके, अंड्याच्या पिवळ्या बलकातील लेसिथिन ही अशा पदार्थांची परिचित उदाहरणे होत. महाराष्ट्रातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले रिठे आणि शिकेकाई यांचा फेसही याच वर्गातील सॅपोनिन नामक द्रव्यांमुळे येतो. सॅपोनिनच्या रेणूत एका बाजूस पाण्यात रमणाऱ्या शर्करेच्या साखळ्या असतात, तर दुसऱ्या बाजूस पाण्यापासून दूर राहू पाहणारा मेदसदृश सांगाडा असतो. हे दोन भाग रासायनिक बंधाने कायमचे जोडलेले असतात.

पदवी स्तरावरील पाठ्यपुस्तकांत पृष्ठसक्रिय द्रव्याची व्याख्या याच चित्रावर उभी असते. जलस्नेही शीर्ष आणि जलद्वेषी पुच्छ असलेला एक रेणू, असे तिचे स्वरूप असते. ही व्याख्या चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे, हे सायक्लोडेक्स्ट्रिनच्या अभ्यासातून स्पष्ट होते. येथे शीर्ष एका रेणूचे असते व पुच्छ दुसऱ्या रेणूचे. त्या दोहोंमध्ये सहसंयुज बंध नसतो. पोकळीत शिरलेल्या साखळीपुरतेच त्यांचे नाते असते. हे नाते जुळले की पृष्ठसक्रियता निर्माण होते आणि तुटले की ती नाहीशी होते.

हा प्रश्न केवळ व्याख्येपुरता मर्यादित नाही. अन्न, औषधे व सौंदर्यप्रसाधने यांमधील पायसकारकांचा त्वचेशी, आतड्याशी व रक्ताशी थेट संबंध येतो. सोडियम लॉरिल सल्फेटने त्वचेचा दाह होऊ शकतो. पाण्यात न विरघळणाऱ्या काही औषधांसाठी वापरल्या जाणाऱ्या पृष्ठसक्रिय द्रावकांमुळे रुग्णांना तीव्र अतिसंवेदनशीलतेचा त्रास झाल्याचे वैद्यकास ज्ञात आहे. त्यामुळे स्टार्चपासून मिळणारी एखादी शर्करा हे कार्य कितपत करू शकेल आणि तिच्याविषयी केले जाणारे दावे कितपत ग्राह्य मानावेत, याचा विचार आवश्यक ठरतो.

२. पूर्वेतिहास व रचना

१८९१ मध्ये फ्रेंच संशोधक व्हिलिए यांना जीवाणूंच्या साहाय्याने स्टार्चचे विघटन करीत असता अल्प प्रमाणात एक स्फटिकरूप पदार्थ मिळाला. १००० ग्रॅम स्टार्चपासून मिळालेले हे स्फटिक अवघे ३ ग्रॅम होते. आम्लांना दाद न देण्याचा त्याचा गुण सेल्युलोजसारखा वाटल्याने त्यांनी त्यास ‘सेल्युलोसिन’ असे नाव दिले. पुढे १९०३ ते १९११ या काळात ऑस्ट्रियातील फ्रान्झ शार्डिंगर यांनी अन्न नासविणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करताना हेच पदार्थ पुन्हा मिळविले, बॅसिलस मॅसेरन्स या जीवाणूशी त्यांचा संबंध दाखविला आणि त्यांचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार वेगळे केले. दीर्घकाळ हे पदार्थ ‘शार्डिंगर डेक्स्ट्रिन’ या नावानेच ओळखले जात. त्यांची रचना वलयाकार आहे, हे १९३० च्या दशकात जर्मनीतील कार्ल फ्रॉइडेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. वलयाच्या पोकळीत अन्य रेणू सामावतात, या गुणाचा पद्धतशीर अभ्यास फ्रीड्रिख क्रामर यांनी केला. १९५३ मध्ये फ्रॉइडेनबर्ग, क्रामर व प्लीनिंगर यांना औषधांशी संबंधित उपयोगाचे एकस्व मिळाले.

सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजची घटके अल्फा-१,४ बंधांनी जोडून तयार झालेले वलय होय. अल्फा प्रकारात ६, बीटामध्ये ७ आणि गॅमामध्ये ८ घटके असतात. त्यांचे रेणुभार अनुक्रमे सुमारे ९७२, ११३५ व १२९७ आहेत. वलयाचा आकार तळ कापलेल्या निमुळत्या पेल्यासारखा असून त्याची उंची सुमारे ०.७९ नॅनोमीटर असते. पोकळीचा व्यास अल्फामध्ये सुमारे ०.५, बीटामध्ये ०.६ ते ०.६५ आणि गॅमामध्ये ०.७५ ते ०.८३ नॅनोमीटर इतका असतो. पेल्याच्या अरुंद काठावर प्राथमिक व रुंद काठावर दुय्यम हायड्रॉक्सिल गट असतात. त्यामुळे बाहेरील अंग पाण्याशी सहज जुळते. आतील भिंतीवर मात्र कार्बनला जोडलेले हायड्रोजन व बंधातील ऑक्सिजन यांचीच रांग असल्याने पोकळी तुलनेने जलद्वेषी राहते.

२५ अंश सेल्सियस तापमानास १०० मिलिलिटर पाण्यात अल्फा प्रकार सुमारे १४.५ ग्रॅम, गॅमा २३.२ ग्रॅम, तर बीटा केवळ १.८५ ग्रॅम विरघळतो. बीटाच्या रुंद काठावरील हायड्रॉक्सिल गट आपापसांत हायड्रोजन बंधांचा पट्टा तयार करतात आणि त्यामुळे रेणू ताठर होऊन पाण्याशी त्यांचा संपर्क घटतो, हे यामागील प्रमुख कारण मानले जाते.

स्टार्चवर सायक्लोडेक्स्ट्रिन ग्लायकोसिलट्रान्सफरेज या विकराची क्रिया घडवून ही द्रव्ये औद्योगिक प्रमाणावर तयार केली जातात. विकराच्या क्रियेतून तिन्ही प्रकारांचे मिश्रण मिळते. त्यातून हवा तो प्रकार वेगळा करण्यासाठी त्याच्या पोकळीत नेमका बसणारा अतिथी रेणू वापरतात. अल्फासाठी डेकॅनॉल व बीटासाठी टोल्युइन वापरले असता त्यांची अविद्राव्य संकुले खाली बसतात. अर्थात, ज्या गुणधर्माची चर्चा प्रस्तुत लेखात करावयाची आहे, तोच या द्रव्यांच्या निर्मितीच्याही मुळाशी आहे.

३. समावेशनाची प्रक्रिया

पाण्यातील सायक्लोडेक्स्ट्रिनची पोकळी रिकामी नसते. तीत पाण्याचे काही रेणू असतात. परंतु अरुंद जागेत त्यांना नेहमीइतके हायड्रोजन बंध करता येत नाहीत. एखादी मेदसाखळी अथवा सुगंधी वलय पोकळीत शिरले, की हे पाणी मुक्त होऊन बाहेरील पाण्यात मिसळते. जलद्वेषी अतिथीचा पाण्याशी असलेला अप्रिय संपर्कही कमी होतो आणि अतिथी व पोकळीची भिंत यांच्यात व्हान डर वाल्स आकर्षण प्रस्थापित होते. या सर्वांची बेरीज संकुलाच्या बाजूने झुकते. तथापि हा समतोल आहे. अतिथी सतत आत-बाहेर करीत असतो आणि यजमान व अतिथी यांच्या संहतीनुसार संकुलाचे प्रमाण ठरते.

आकारांचे जुळणे येथे निर्णायक असते. जपानमधील ओसाका विद्यापीठात आकिरा हाराडा व सहकाऱ्यांनी १९९० पासून केलेले बहुवारिकांवरील संशोधन या बाबतीत उद्बोधक आहे. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या सडपातळ साखळीवर अल्फा वलये मण्यांप्रमाणे ओवली जातात. पॉलिप्रोपिलीन ग्लायकॉलची साखळी अधिक जाड असल्याने तिला बीटा वा गॅमा वलय लागते. सिलिकोन तेलाच्या साखळीवर तर अल्फा वलय चढतच नाही.

तैलरेणूंच्या संदर्भात लांबीचा हिशेबही उपयुक्त ठरतो. ताठ मेदसाखळीत प्रत्येक कार्बनमागे लांबी सुमारे ०.१२५ नॅनोमीटरने वाढते. ०.७९ नॅनोमीटर उंचीच्या एका वलयात त्यामुळे साधारण सहा कार्बनांचा तुकडा झाकला जातो. बारा कार्बनांची साखळी पूर्णपणे झाकण्यास दोन वलये लागतात; अठरा कार्बनांच्या मेदाम्लास तीन लागतील. ओलेइक आम्लातील समपक्ष द्विबंधामुळे साखळीस बाक येत असल्याने प्रत्यक्षात हा हिशेब ढोबळ मानावयास हवा.

४. शीर्ष देणे आणि पुच्छ झाकणे

वरील हिशेबातूनच या विषयातील मुख्य कोडे उलगडते.

प्रथम सोडियम डोडेसिल सल्फेट हे उदाहरण घेऊ. पाण्यात त्याची संहती सुमारे ८ मिलिमोल प्रतिलिटर झाली की मायसेल तयार होऊ लागतात. या द्रावणात बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घातले असता डोडेसिल पुच्छ पोकळीत शिरते. पुच्छ झाकले गेल्याने रेणूस पृष्ठभागाकडे धाव घेण्याचे कारण उरत नाही. पृष्ठताण पुन्हा वाढतो व मायसेल तयार होण्यास अधिक संहती लागते. बंधन प्रबळ असल्याने प्रत्येक वलय साधारण एक पृष्ठसक्रिय रेणू अडकवून ठेवते. ५ मिलिमोल प्रतिलिटर सायक्लोडेक्स्ट्रिन उपस्थित असता मायसेल निर्मिती सुमारे १३ मिलिमोलपाशी सुरू व्हावी, असे हे साधे गणित सांगते. म्हणजेच येथे सायक्लोडेक्स्ट्रिन पृष्ठसक्रियतेचे हरण करते.

आता तेलाचा विचार करू. टेट्राडेकेनसारख्या हायड्रोकार्बनला शीर्षच नसते. वनस्पती तेलातील ट्रायग्लिसराइडच्या एस्टर गटांची पाण्याशी जवळीक फारच क्षीण असते. दुसरीकडे मूळ सायक्लोडेक्स्ट्रिनला पुच्छ नसते, त्यामुळे त्याच्या द्रावणाचा पृष्ठताण शुद्ध पाण्याच्या पृष्ठताणाहून फारसा निराळा नसतो. परंतु तेल व पाणी यांच्या सीमेवर तेलाच्या साखळीचे टोक जलीय बाजूने आलेल्या वलयात शिरते आणि उरलेली साखळी तेलातच राहते. वलयाचे हायड्रॉक्सिल गट पाण्याकडे तोंड करून असतात. परिणामी जलस्नेही शीर्ष व जलद्वेषी पुच्छ असलेली एक नवी वस्तू जागच्या जागी घडते. रिठ्याच्या सॅपोनिनशी किंवा खोबरेल तेलातील मेद-अल्कोहोल व ग्लुकोज यांपासून कारखान्यांत बनविल्या जाणाऱ्या अल्किल पॉलिग्लुकोसाइडशी तिचे साम्य उघड आहे. त्या द्रव्यांतही शर्करा हेच शीर्ष असते. भेद इतकाच की येथे शर्करा व मेद यांना बांधणारा रासायनिक बंध नाही.

अशा रीतीने पुच्छ असलेल्या रेणूचे पुच्छ झाकणे आणि शीर्ष नसलेल्या रेणूला शीर्ष पुरविणे, ही एकाच क्रियेची दोन फळे आहेत. निर्णायक प्रश्न एवढाच असतो : समावेशनानंतर साखळीचा किती भाग उघडा राहिला? अंशतः झाकलेली तैलसाखळी पृष्ठसक्रिय ठरते. संपूर्ण झाकलेली साखळी पृष्ठसक्रियता गमावते. मात्र तिची कथा तेथे संपत नाही.

५. आंतरपृष्ठावरील दोन टप्पे

पायस टिकण्यामागे केवळ आंतरपृष्ठीय ताण घटणे एवढेच कारण असते, तर सायक्लोडेक्स्ट्रिनची पायसे फार काळ तग धरू शकली नसती. प्रत्यक्षात त्यांतील काही दीर्घकाळ एकजीव राहतात. याचे कारण दुसऱ्या टप्प्यात आहे.

पहिल्या टप्प्यात वर वर्णिलेली संकुले सीमेवर तयार होतात. ढवळण्याने नवा पृष्ठभाग निर्माण होत असताना ती थेंबांना वेढतात. दुसऱ्या टप्प्यात एकाच साखळीवर अधिक वलये चढतात, शेजारील वलयांचे काठ हायड्रोजन बंधांनी जोडले जातात आणि संकुलांची संख्या वाढून ती पाण्यात वा तेलात विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाहीत. त्यांचे सूक्ष्म स्फटिक बनतात. हे स्फटिक अंशतः पाण्याने व अंशतः तेलाने ओले होत असल्याने सीमेवरच अडकून बसतात. थेंबाभोवती जणू घन कवच तयार होते.

घन कणांनी स्थिर केलेल्या अशा पायसांचा उल्लेख रॅम्सडेन यांच्या १९०३ मधील व पिकरिंग यांच्या १९०७ मधील लेखनात आढळतो. आज ती ‘पिकरिंग पायसे’ म्हणून ओळखली जातात. त्यांचे स्थैर्य किती असते, हे एका आकडेमोडीतून लक्षात येईल. १०० नॅनोमीटर त्रिज्येचा गोल कण सीमेवर अर्धा तेलात व अर्धा पाण्यात आहे आणि आंतरपृष्ठीय ताण ३० मिलिन्यूटन प्रतिमीटर आहे, असे मानू. हा कण सीमेवरून हलविण्यास लागणारी ऊर्जा म्हणजे कणाच्या वर्तुळाकार छेदाचे क्षेत्रफळ गुणिले आंतरपृष्ठीय ताण. हे मूल्य कक्ष तापमानातील औष्णिक ऊर्जेच्या सुमारे २ लाख ३० हजार पट येते. साध्या पृष्ठसक्रिय रेणूच्या बाबतीत हेच गुणोत्तर फार तर काही दशकांत असते. म्हणून साबणाचे रेणू सीमेवर सतत ये-जा करीत राहतात, तर स्फटिककण एकदा बसला की सहसा हलत नाही. सायक्लोडेक्स्ट्रिनचे स्फटिक गोल नसतात, तेव्हा हा आकडा केवळ परिमाणाची कल्पना देणारा आहे.

वनस्पती तेल व पाणी यांच्या सीमेवरील ट्रायग्लिसराइड-संकुलांचा अभ्यास जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभीच झाला होता. पॅरिस परिसरातील औषधनिर्माणशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन, सोयाबीन तेल व पाणी यांचे मिश्रण दीर्घकाळ संथपणे हलवून मिलिमीटर आकाराचे मणी तयार केले. त्यासाठी कोणताही सेंद्रिय द्रावक अथवा अन्य पृष्ठसक्रिय द्रव्य वापरले नव्हते. २०१३ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठातील मथपा व पाउनोव्ह यांनी अशा सूक्ष्म स्फटिकांनी वेढलेल्या थेंबांचा व त्यांपासून मिळणाऱ्या कवचांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पूर्ण झाकलेल्या साखळीविषयी आणखी एक नवल चीनमधील पेकिंग विद्यापीठात २०१० च्या सुमारास दिसून आले. सोडियम डोडेसिल सल्फेटच्या एका रेणूवर बीटा प्रकाराची दोन वलये चढली, की त्याचे पुच्छ पूर्णतः लपते. रूढ समजुतीनुसार अशा संकुलाने पाण्यात सुटेच राहावयास हवे. परंतु सांद्र द्रावणात ही संकुले हायड्रोजन बंधांच्या बळावर एकत्र येऊन पुटिका, सूक्ष्म नळ्या व स्तर यांसारख्या रचना घडवितात. मायसेलमागील जलद्वेषी प्रेरणा येथे मागे पडते.

६. उपयोजने

*अन्नप्रक्रिया :* बीटा व अल्फा सायक्लोडेक्स्ट्रिन मेयॉनेजसारख्या तेलबहुल पदार्थांत पायसकारक म्हणून वापरता येतात. अंडेविरहित पाककृतीसाठी हा गुण उपयोगी आहे. बीटा प्रकाराच्या पोकळीत कोलेस्टेरॉल चांगले बसत असल्याने दूध व अंडी यांतील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठीही त्याचा उपयोग केला जातो.

*औषधनिर्माण :* येथे दोन भिन्न उपयोगांत गल्लत होऊ न देणे महत्त्वाचे आहे. २०२० मध्ये कोविड-१९ वरील उपचारांत वापरल्या गेलेल्या रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनात सल्फोब्युटिल ईथर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन होते. तेथे त्याचे कार्य औषध विरघळविण्याचे असते, पायस करण्याचे नव्हे. रूपांतरित सायक्लोडेक्स्ट्रिनची संकुले पाण्यात विद्राव्य राहतात. मूळ वलयांची संकुले बहुधा स्फटिकरूपात बाहेर पडतात. विरघळविण्यासाठी पहिला गुण हवा, पायसासाठी दुसरा.

*उत्प्रेरण :* पाण्यात विरघळलेल्या ऱ्होडियम उत्प्रेरकाच्या साहाय्याने प्रोपीनचे हायड्रोफॉर्मिलीकरण करण्याची औद्योगिक पद्धत १९८४ मध्ये जर्मनीत कार्यान्वित झाली. परंतु डेसीनसारखी लांब साखळीची अल्कीने पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने त्यांच्या बाबतीत ही अभिक्रिया अत्यंत मंद होते. फ्रान्समधील एरिक मोनफ्लिए व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मिथिलीकृत बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन वापरून अशा अभिक्रियांना गती दिली. वलय अल्कीनला सीमेवर धरून ठेवते आणि अभिक्रिया संपल्यावर तेल व पाणी पुन्हा वेगळे होतात. प्रबळ साबण वापरला असता तर वेगळे न होणारे पायस गळ्यात पडले असते.

या अखेरच्या उदाहरणातून संकुलरूपी पृष्ठसक्रिय द्रव्यांचे वैशिष्ट्य ठळक होते. त्यांची क्रिया आवश्यकतेनुसार थांबविता येते. पोकळीशी अधिक घट्ट बांधला जाणारा स्पर्धक अतिथी घातला की तैलसाखळी बाहेर पडते. बीटा प्रकारासाठी ॲडमँटेनची साधिते असे कार्य करतात. समावेशन बहुधा उष्मादायी असल्याने तापमान वाढविल्यासही समतोल सुट्या घटकांकडे सरकतो.

७. मर्यादा व सुरक्षिततेचा प्रश्न

शर्करेपासून बनलेले म्हणून निर्धोक, हे समीकरण रसायनशास्त्रास मान्य होण्याजोगे नाही. तिन्ही प्रकारांचे देहातील वर्तनही एकसारखे नसते. गॅमा प्रकार लाळेतील व स्वादुपिंडातील अमायलेजमुळे पचतो. अल्फा व बीटा लहान आतड्यात जवळजवळ न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात व तेथील जीवाणू त्यांचे किण्वन करतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९५ मध्ये बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनसाठी दर किलोग्रॅम देहभारामागे दररोज ५ मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा निश्चित केली. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस ही मर्यादा ३०० मिलिग्रॅम येते. एखाद्या पायसात हे द्रव्य १ टक्का असेल, तर त्याचे ३० ग्रॅम सेवन करताच ही मर्यादा गाठली जाते. अल्फा व गॅमासाठी अशी संख्यात्मक मर्यादा घालण्याची आवश्यकता समितीस वाटली नाही.

रक्तात थेट दिल्यास मूळ बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन मूत्रपिंडास अपायकारक ठरते. म्हणून इंजेक्शनांत त्याची रूपांतरित साधिते वापरतात. मिथिलीकृत प्रकार पेशीपटलातील कोलेस्टेरॉल ओढून घेतो व रक्तपेशी फोडू शकतो. तेलाला शीर्ष पुरविणारी पोकळीच येथे पेशीच्या मुळावर येते.

इतिहासातील एक प्रसंगही बोलका आहे. १९५७ मध्ये डेक्स्टर फ्रेंच यांच्या परीक्षणलेखात बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन खाऊ घातलेले उंदीर दगावल्याचा उल्लेख आला. त्यामुळे या द्रव्यांच्या मानवी उपयोगाबद्दलचा उत्साह बराच काळ मावळला. पोकळीत अडकून राहिलेल्या सेंद्रिय द्रावकासारख्या अशुद्धीमुळे तसे झाले असावे, असे मत पुढे हंगेरीतील योझेफ सेयत्ली यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले. काळजीपूर्वक केलेल्या विषारीपणाच्या चाचण्यांनंतरच या क्षेत्राने पुन्हा उभारी घेतली आणि १९८१ मध्ये बुडापेस्ट येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रिकामे वलय आणि भरलेले वलय ही दोन वेगळी द्रव्ये आहेत, असा याचा अर्थ होतो. चाचणी करताना कोणत्या वलयाची चाचणी झाली, हे नोंदविणे म्हणूनच अगत्याचे असते.

याशिवाय काही व्यावहारिक अडचणी आहेत. पॅराबेनसारखे परिरक्षक पोकळीत शिरल्यास त्यांची जंतुरोधक क्षमता घटते. सुगंधी व स्वादकारक रेणूही अडकून पडतात. बीटाची अल्प विद्राव्यता, साबणाच्या तुलनेत अधिक किंमत आणि थेंब मोठे राहिल्यास ते साईसारखे वर तरंगण्याची प्रवृत्ती यांचाही विचार करावा लागतो. प्रत्येक तेलासाठी योग्य वलय निवडावे लागत असल्याने सर्व तेलांना चालणारे एकच सायक्लोडेक्स्ट्रिन सुचविता येत नाही.

८. अध्यापनातील स्थान

हा विषय महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचा नाही. तीन सारख्या परीक्षानळ्यांत समान मापाचे शेंगदाणा तेल घ्यावे. पहिलीत केवळ पाणी, दुसरीत ग्लुकोजचे ५ टक्के द्रावण आणि तिसरीत अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनचे ५ टक्के द्रावण घालून सर्व नळ्या सारख्याच वेळ जोराने हलवाव्यात. थर वेगळे होण्यास लागणारा काळ नोंदविल्यास, घटक तेच असूनही केवळ वलयाकार रचनेमुळे वर्तन कसे बदलते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल. ग्लुकोजची नळी येथे नियंत्रण म्हणून अत्यावश्यक आहे. तीविना हा परिणाम शर्करेचा की पोकळीचा, हे ठरविता येणार नाही.

दुसरा प्रयोग विद्युतवाहकतामापकाने करता येतो. सोडियम डोडेसिल सल्फेटची क्रांतिक मायसेल संहती काढण्याचा प्रयोग अनेक अभ्यासक्रमांत आहेच. तोच प्रयोग ५ मिलिमोल प्रतिलिटर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या उपस्थितीत पुन्हा केल्यास आलेखातील वळणबिंदू उजवीकडे सरकतो. त्या सरकण्याच्या प्रमाणावरून एका वलयाने किती रेणू अडविले, याचा अंदाज विद्यार्थ्यास स्वतः बांधता येतो. दोन्ही प्रयोग लागोपाठ केले असता एकच द्रव्य एका ठिकाणी पृष्ठसक्रियता घडविते व दुसऱ्या ठिकाणी मोडते, हा विरोध प्रत्यक्ष समोर येतो आणि त्याचे स्पष्टीकरण शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते.

विविध विद्याशाखांच्या दृष्टीनेही या विषयास मोल आहे. विकरांची क्रिया जीवशास्त्राची, स्फटिकांचे सीमेवरील बंधन भौतिकशास्त्राची, तर मात्रेची मर्यादा आहारशास्त्राची आहे.

९. निष्कर्ष

१) सायक्लोडेक्स्ट्रिन व तेल ही दोन्ही द्रव्ये स्वतंत्रपणे पृष्ठसक्रिय नसली, तरी आंतरपृष्ठावर तयार होणारे त्यांचे संकुल पृष्ठसक्रिय असते.

२) साबणाची पृष्ठसक्रियता घटविणे आणि तेलाला ती प्राप्त करून देणे, या दोन्ही घटना साखळीचा किती भाग झाकला गेला या एकाच कसोटीवर समजून घेता येतात.

३) अशा पायसांचे दीर्घकालीन स्थैर्य मुख्यतः संकुलांच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे असते. म्हणून त्यांचा विचार पिकरिंग पायसांच्या चौकटीत करणे सयुक्तिक ठरते.

४) सुरक्षिततेचे मूल्यमापन वलयाचा प्रकार, त्यातील अतिथी, मात्रा आणि देहात जाण्याचा मार्ग यांनुसार स्वतंत्रपणे करावयास हवे. नैसर्गिक उगम हा त्यास पर्याय होऊ शकत नाही.

पृष्ठसक्रियता ही रेणूची मालमत्ता नसून रेणूंमधील नात्याचा परिणामही असू शकते, एवढी सुधारणा वर्गातील व्याख्येत झाली, तरी साबणापासून पेशीपटलापर्यंतच्या अनेक घटनांकडे पाहण्याची विद्यार्थ्यांची दृष्टी अधिक अचूक होईल.